टेस्टिंगची रेकॉर्ड

कानसेनला ऐकू येईनासं झालंय, ही गोष्ट बाजारात कुणी खरी मानायला तयार नव्हतं.

"शिंप्याचे डोळे गेले म्हणा, आचाऱ्याची चव गेली म्हणा, एक वेळ पटेल," समोरचा घड्याळवाला म्हणाला, "पण कानसेनचे कान? छे! सोंग करत असेल. बायकोचं ऐकायला नको म्हणून."

आईबापांनी ठेवलेलं नाव वेगळं होतं, पण ते आता फक्त कागदपत्रांवर उरलं होतं. गाता येत नाही, वाजवता येत नाही, नुसतं ऐकता येतं, म्हणून बाजाराने त्याला कानसेन करून टाकलं होतं. फाटलेले, भिजलेले, पोरांनी पेन्सिल खुपसलेले स्पीकर त्याच्याकडे दुरुस्तीला यायचे. तो आधी पडद्यावर टिचकी मारायचा, मान तिरकी करायचा आणि सांगायचा, "कॉइल घासतेय. डाव्या अंगाला." उघडून बघावं तर डाव्याच अंगाला. दुकान खाली, घर वर, आणि मधे चौदा पायऱ्यांचा लाकडी जिना. चौतीस वर्षं त्याचा संसार या चौदा पायऱ्यांच्या दोन टोकांना चालला होता.

आधी गेले ते बायकांचे आवाज. फोनवर लेकीचं बोलणं कळेना. मग दारावरची घंटा गेली. मग एक दिवस तो बायकोला म्हणाला, "तू हल्ली फार पुटपुटतेस बुवा." ती मुळातच हळू बोलणारी. तिला वाटलं, खरंच पुटपुटत असेन. वर्षभर ती बिचारी स्वतःलाच दोष देत राहिली, जरा मोकळ्या गळ्याने बोलायचा सराव करत राहिली. दवाखान्यात कळलं तेव्हा उशीर झाला होता. दोन्ही कानांच्या नसांवर गाठी होत्या. डावा कान पुरता गेलेला. उजव्याची गाठ काढली नाही तर जिवावर बेतेल, आणि काढली तर उरलंसुरलं ऐकणंही जाईल. शस्त्रक्रियेची तारीख ठरली, बरोबर पंचवीस दिवसांनंतरचा सोमवार.

कान तपासणारी बाई तरुण होती, पण समजूतदार. तिचा आवाज त्याला ऐकू येत नव्हता, म्हणून तिने कागदावर लिहून दिलं: "तुमची सगळ्यांत आवडती दहा गाणी निवडा. रोज ऐका. नंतर कान नसला तरी ती डोक्यात वाजत राहतात. दहाच निवडा, जास्त नकोत."

त्याने वाचलं आणि मोठ्यांदा हसला. ऐकू न येणाऱ्या माणसाचं हसणं जरा जास्तच मोठं असतं. "दहा? बाई, माझ्याकडे हजारांनी गाणी आहेत. दहा पोरं असलेल्या बाईला विचारा, यातलं आवडतं कुठलं, आणि बाकीची देऊन टाका!"

बायको शेजारी बसून होती. ती मात्र मनात म्हणाली, नऊ कुठलीही असू देत. दहावं मला माहीत आहे.

*

ते गाणं तिला कसं माहीत होतं, ते सांगायला हवं.

बावीस वर्षांची होती तेव्हा ती वडिलांचा रेडिओ घेऊन या दुकानात आली. स्पीकरचा पडदा उभा चिरला होता. चार दिवसांनी न्यायला आली, तर एक किडकिडीत तरुण म्हणाला, "थांबा, ऐकून घ्या." त्याने रेडिओच्या स्पीकरच्या तारा काढून रेकॉर्ड-प्लेयरला जोडल्या, एका रेकॉर्डवर सुई ठेवली आणि कोपर टेबलावर टेकून उभा राहिला. गाणं होतं जुन्या सोल ढंगाचं, अमेरिकेतल्या काळ्या गायकांचं, इंग्रजी. आधी एकटा खर्जातला बेस, जड पावलांनी कुणी जिना चढावा तसा. मग पुरुषाचा खरबरीत आवाज, आणि मागे खंजिरीचा किणकिणाट. भाषा तिला कळत नव्हती. पण तो माणूस काहीतरी मागत होता आणि मागायची त्याला लाज वाटत नव्हती, एवढं कळत होतं. आणि किडकिडीत तरुण, तीन मिनिटं, पापणी न लववता तिच्याकडे बघत होता.

कुणी इतका वेळ तिच्याकडे बघितलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात तिने रेडिओ दोनदा "बिघडवला". दोन्ही वेळा तेच गाणं, तीच नजर. तिच्या आईच्या लक्षात आलं. "रेडिओला काय धाड भरलीये? का रेडिओवाल्याला?" असं तिने विचारलं, आणि वर्षाच्या आत लग्न झालं.

लग्नानंतरही ते गाणं रोज वाजायचं. खालून तीनदा, चारदा, कधी सहादा. पहिल्या जड पावलांसरशी ती हातातलं काम थांबवायची. लेक सातवीत गेल्यावर तिच्याकडून अभ्यास घेतल्यासारखं करून तिने एकेका ओळीचा अर्थ काढून घेतला. गाण्यातला माणूस जिन्याखाली उभा असतो. वर तिच्या खोलीत दिवा असतो. तो म्हणतो, मला वर बोलावू नकोस, दार उघडू नकोस, फक्त दिवा मालवू नकोस, मी खाली आहे एवढं तुला ठाऊक असू दे. ऐकून ती स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली होती आणि बराच वेळ बाहेर आली नव्हती. नवरा बोलका नव्हता. वाढदिवस विसरायचा, नवी साडी ओळखायचा नाही. पण दिवसातून चार वेळा खालून निरोप पाठवायचा, असं तिने धरलं होतं. गाणं वाजलं की ती चहा ठेवायची आणि संपतासंपता कप घेऊन जिना उतरायची. हा तिचा उलट निरोप. रोज सकाळी प्रार्थनेला बसली की हात जोडून आधी देवाचे आभार मानायची, ते या एका गोष्टीसाठी. ही गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती. त्यालाही नाही. माहीत असलेलं काय सांगायचं?

*

यादी करायला लेक महिन्याची रजा काढून आली. बरोबर रेकॉर्डवाला आला. हा कानसेनचा शाळेपासूनचा मित्र. जुन्या रेकॉर्ड विकायचा. आवाज असा जाडा की कानसेनला अजूनही पाच हातांवरून ऐकू यायचा.

"वहिनी, बघा," तो म्हणाला, "जगात याला ऐकू येणारा शेवटचा माणूस मी! काय वाईट दिवस आलेत बिचाऱ्यावर."

"तुमचा आवाज ऐकून नस सुजली असेल त्यांची," ती म्हणाली. मग तेच वाक्य तिने नवऱ्याच्या उजव्या कानाशी वाकून, घशातून पुरुषी आवाज काढून पुन्हा म्हटलं, कारण त्याशिवाय त्याला कळत नसे. तो खदखदून हसला. चौतीस वर्षं मऊ बोलण्यात घालवलेल्या बाईला आता नवऱ्याशी पहिलवानासारखं बोलावं लागत होतं, यावरही तिघं हसली. ती हसली नाही असं नाही.

वरच्या खोलीत रेकॉर्डींचे ढीग लागले. या घरात गाण्यांना खऱ्या नावांनी कुणी ओळखत नसे. लेकीने वही उघडली.

"बाबा, पहिलं कुठलं? कोटवालं?" तिने वहीत लिहून दाखवलं.

"कोटवालं हवंच. ती निघून गेली आणि कोट खुंटीला राहिला, आणि हा गाढव कोटाची माफी मागतोय."

"दोन. गुडघ्यावरचं?"

"ते नको," रेकॉर्डवाला गरजला. "तो माणूस गाण्यात अकरा वेळा गुडघ्यावर येतो. सांधे आहेत का काय आहेत?"

"अरे, तुला काय कळतंय! तू कधी प्रेम केलंयस का कुणावर? सोलमध्ये माणूस येऊन प्रेम मागतो, भाव नाही करत बसत."

"सोलमध्ये माणूस प्रेमात बुडतो," रेकॉर्डवाला म्हणाला, "आणि बुडताना हात वर करून टाळ्यांचा ठेका धरतो. लिही गं, गुडघ्यावरचं लिही. मेल्या सांध्यांचं काय व्हायचं ते होईल."

असं करत करत आठ झाली. "फोनवरचं" आलं, "दोन तिकिटांचं" आलं, म्हातारपणी रेकॉर्ड केलेलं, आवाज फुटलेला एक माणूस बायकोला झोपेतून उठवू नका म्हणतो, तेही आलं. एखादी रेकॉर्ड हातात घेऊन तो बराच वेळ बघायचा आणि बाजूला सारायचा. "ही नको. ही बाई फार वर जाते." लेक पुढची रेकॉर्ड हातात द्यायची.

ती दारात उभी होती. आठ झाल्यावर ती दोन पावलं पुढे आली. आता. नववं झालं. आता तर नक्की. दहाव्याला तो डोळे मिटून बसला. मग म्हणाला, "पावसात छत्री उघडत नाही ते. ते लिही. झाली दहा."

लेकीने यादी वाचून, नव्हे, त्याच्यापुढे धरून दाखवली. त्याने मान हलवली. "झकास."

"आई, तू काही सुचवतेस?"

"मला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली आणि चहाला गेली. आधण उकळून उकळून आटलं, तरी तिने पावडर टाकली नव्हती.

मग तिने स्वतःची समजूत घातली. बायका घालतात तशीच. दहा गाणी जगाला दाखवायची. जे खरं आपलं, ते माणूस वहीत कशाला लिहील? देवाचं नाव काय यादीत लिहितात?

*

दुसऱ्या दिवशी लेक दवाखान्याची कागदपत्रं करायला गेली. नवरा खाली दुकान आवरत होता. आता नवीन काम घ्यायचं बंद केलं होतं. ती खाली उतरली. त्या गाण्याची रेकॉर्ड दुकानातल्या प्लेयरशेजारच्या खिळ्याला टांगलेली असायची. तिच्यावरचा छापील कागद बोटांनी घासून घासून पांढरा पडला होता. तिने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने ती लावली.

गाण्यातली जड पावलं जिना चढू लागली. त्याची पाठ होती. त्याला फरशीतून कळलं असावं. तो वळला, पुढे आला, स्पीकरच्या पेटीवर तळवा ठेवला आणि भुवया गोळा करून म्हणाला, "हा कुणाचा? दुरुस्तीला काही घेऊ नको म्हटलं होतं ना?"

ती त्याच्या कानाशी वाकली. घसा जाड केला. "कुणाचा नाही. आपलं गाणं लावलंय."

"आपलं?"

"यादीत नव्हतं. म्हटलं, राहून गेलं."

तो तिच्याकडे बघत राहिला. त्याला खरोखर कळत नव्हतं. "अगं, ही टेस्टिंगची रेकॉर्ड आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? दुरुस्ती झाली की लावायची. हे बघ, आता बेस जातो ना खाली, इथे पडदा फाटका असेल तर फरफरतो. मग तो पुरुष येतो, त्याच्यात कॉइल घासतेय का ते कळतं. खंजिरी स्वच्छ आली की वरचा छोटा स्पीकर ठीक. एका रेकॉर्डमध्ये तिन्ही. गुरूने दिलेली. प्रत्येक कारागिराची एक असते." तो शिकवायच्या उत्साहात आला होता. "तीस-पस्तीस हजार वेळा लावली असेल. पण गाणं म्हणून मी ती कधी ऐकलीच नाही बघ. काय आहे गं त्या गाण्यात? शब्द काय आहेत?"

 गाणं चालू होतं. गाण्यातला माणूस दिवा मालवू नकोस म्हणत होता.

"माझे वडील," ती म्हणाली आणि आवाज जाड करायला विसरली. मग पुन्हा वाकून म्हणाली, "वडिलांचा रेडिओ घेऊन आले, त्या दिवशी तुम्ही हेच लावलं होतंत."

"लावलं असेल. सगळ्यांनाच लावायचो."

"माझ्याकडे बघत होतात. सगळं गाणं संपेपर्यंत."

तो जरासा हसला. त्याच्या हसण्यात लबाडी असती, तर तिने माफ केलं असतं. "कान लावला की नजर कुठेतरी ठेवावी लागते. समोर भिंत असली तर भिंतीवर ठेवतो." आणि मग तिचा चेहरा बघून घाईने म्हणाला, "अगं, पण मग पुढे तू आवडलीसच की! स्वयंपाक चांगला करायचीस, चहा तर असा वेळेवर! टेस्टिंग संपलं की कप हजर. मी बाजारात सांगायचो, आमच्या घरी घड्याळ लागत नाही."

ती जिना चढून वर आली. चौदा पायऱ्या चढताना तिने कठडा धरला, तो यापूर्वी कधी धरला नव्हता.

*

पुढचे कितीतरी दिवस ती कामं करत होती. कपडे धुतले, औषधं दिली, दवाखान्याच्या पिशवीत टॉवेल आणि चपला भरल्या. रोज सकाळी प्रार्थनेला बसायची. नेमाने बसायची, कारण नेम मोडायचा नाही हे तिच्या हाडात होतं. पण हात जोडले की पहिला शब्दच सुचेना. आभार कशाचे मानायचे? चौतीस वर्षं ज्याबद्दल मानले, ते कुणी दिलंच नव्हतं. आपणच आपल्या ओंजळीत टाकून घेतलं आणि वर देवाला म्हटलं, भरून पावले.

रागवावं म्हटलं तर रागवायला जागा नव्हती. त्याने फसवलं नव्हतं. कुठल्या बाईच्या मागे गेला नव्हता. तिला निरोप यायचा तेव्हा तो खाली कॉइल तपासत होता, एवढंच. हे कुणाला सांगितलं असतं तर लोक हसले असते. तिलाही एकदा भाजी निवडताना हसू आलं, आणि ते थांबवताना एवढी दमछाक झाली की लेक धावत आली.

"आई, ऑपरेशनची भीती वाटतेय का?"

"हो गं," ती म्हणाली. तेही खोटं नव्हतं.

दुकानातला प्लेयर वरच्या खोलीत आणला होता; सकाळ-संध्याकाळ ती दहा गाणी वाजत. तो स्पीकरला छाती टेकून बसे. कोटवालं, गुडघ्यावरचं, छत्रीचं. ती एकदाही आत गेली नाही.

शनिवारी रेकॉर्डवाला भेटायला आला, तेव्हा कानसेन अंघोळीला गेला होता. तिने त्याच्यापुढे चहा ठेवला आणि विचारलं, "भाऊजी, तुम्ही शाळेपासूनचे. खरं सांगा. त्यांचं अगदी आवडतं गाणं कुठलं?"

"यादी आहे की."

"यादीतलं नाही. खरं."

रेकॉर्डवाल्याने कप खाली ठेवला. एवढ्या मोठ्या आवाजाच्या माणसाला हळू बोलताना तिने पहिल्यांदा पाहिलं. "यादीत नाही ते. एकोणीस वर्षं झाली, वहिनी. माझ्या दुकानात वाजत होतं आणि हा आत आला. उभाच राहिला. चार वेळा लावायला लावलं. चौथ्यांदा रडला. मी म्हटलं, अरे, काय झालं? म्हणाला, काही नाही, बांधून दे. मी नवीकोरी बांधून दिली. त्याने ती अजून फोडलेली नाही. मला विचाराल तर कपाटात तुमच्या साड्यांच्या खाली असेल."

साड्यांखाली नव्हती, उशांच्या अभ्र्यांखाली होती. चकचकीत वेष्टनात, जशीच्या तशी. वरती डोळे मिटलेल्या एका बाईचा फोटो. ज्या कपाटात ती होती, ते कपाटही खरं म्हणजे कपाट नव्हतं. लग्नानंतर दोन वर्षांनी त्याने घरासाठी म्हणून स्पीकरची मोठी सागवानी पेटी करायला घेतली होती. आज लोकांचं काम, उद्या लोकांचं काम, आणि गावभर गाणी वाजवणाऱ्याच्या घरात दिव्याखाली अंधार. शेवटी तिने त्या रिकाम्या पेटीला फळ्या मारून अभ्रे ठेवायला घेतले होते.

तो अंघोळ करून बाहेर आला. तिने रेकॉर्ड समोर धरली.

त्याचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. "कुणी सांगितलं? त्या जाड्याने?"

"लपवलंत का?" तिने कानाशी वाकून, घसा जाड करून विचारलं.

"लपवली नाही. ठेवली." तो पलंगावर बसला. "जे रोज लावलं ना, ते गाणं माझ्यापुरतं मेलं. सगळं सामानच दिसतं मला. हा बेस, ही कॉइल. म्हटलं, एक तरी जिवंत राहू दे. घरचा स्पीकरचा संच झाला की पहिली हीच लावायची. दुकान बंद करून. दोघांनी बसून."

"दोघांनी?" तिने विचारलं.

"मग काय, मी एकट्याने ऐकू? कुणाबरोबर ऐकायचं ते?" हे त्याने असं सांगितलं, जसं कुणी मीठ डब्यात आहे म्हणून सांगतं.

"एकोणीस वर्षं?"

"लोकांचे स्पीकर होते गं." त्याने वेष्टनावरून बोट फिरवलं. "यात बाई गाते. उंच. मागे जवळजवळ काहीच नाही, नुसता ऑर्गन. मला आता त्यातलं काही ऐकू यायचं नाही. म्हणून यादीत नाही घातली. तू ठेव आत."

*

तिने आत ठेवली नाही. रविवारी दुपारी जेवणं झाली. लेक औषधं आणायला बाहेर गेली होती. तिने प्लेयरपुढे त्याची खुर्ची ओढली, समोर आपली. वेष्टन तिने स्वतः फोडलं. तो नको नको म्हणाला, पण हात धरला नाही.

सुई टेकली. आधी ऑर्गन, अगदी बारीक. मग बाई गाऊ लागली.

ती सरळ गात होती. काही मागत नव्हती. घरात कुणीतरी बाहेरून आलंय आणि ही आत भांडी लावता लावता त्याच्याशी बोलतेय, असा तो आवाज. कानसेनने स्पीकरवर तळवा ठेवला, थोडा वेळ ठेवला, आणि काढून घेतला. तिथे काही नव्हतं. मग त्याने डोळे मिटले आणि बोटाने मांडीवर ताल धरला.

"आता ती थांबते," तो म्हणाला. बाई थांबली नव्हती. "आता ऑर्गन एकटा. आता बघ, हळूच येते. आली."

तो पुढे गेला होता. गाणं मागे राहिलं होतं. एकोणीस वर्षांपूर्वी चार वेळा ऐकलेलं गाणं त्याच्या डोक्यात त्याच्या चालीने धावत होतं, आणि खोलीतलं गाणं आपल्या चालीने येत होतं. तिला वाटलं त्याला थांबवावं. पण त्याच्या मिटलेल्या डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या होत्या. एकाच खोलीत, समोरासमोर, दोघं दोन गाणी ऐकत होती.

"संपलं," तो म्हणाला आणि सवयीने हात लांब करून अँप्लिफायरचं बटण बंद केलं. बाई कडव्याच्या मधोमध गप्प झाली.

मग त्याचं लक्ष फिरणाऱ्या रेकॉर्डवर गेलं. कारागीरच तो. सुई कुठे आहे ते त्याला एका नजरेत कळलं. दोन बोटं रुंदीचं गाणं अजून बाकी होतं.

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

"मला एवढंच आठवतं," तो म्हणाला. "पुढचं माझ्याकडे नाही."

त्याने सुई जरा मागे घेतली, बटण पुन्हा चालू केलं आणि खुर्ची पुढे ओढून गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ बसला. "तू ऐक. मी बघतो."

बाई पुन्हा गाऊ लागली. त्याने कान लावला नाही, स्पीकरला हातही लावला नाही. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. ओठाकडे, पापण्यांकडे, कपाळावर काय हलतंय ते, एखाद्या न उघडलेल्या यंत्रात काय चाललंय ते बाहेरून ओळखावं तसा. बावीस वर्षांच्या मुलीला जे वाटलं होतं, ते आत्ता घडत होतं, आणि ती छप्पन्न वर्षांची होती, आणि उद्या सकाळी सातला दवाखान्यात पोचायचं होतं. ती गाणं ऐकत होती की नाही, तिलाही सांगता आलं नसतं. डोळ्यांतलं पाणी गालावरून हनुवटीवर आलं. तिने ते पुसलं नाही, कारण तो त्यातूनच काहीतरी ऐकू पाहत होता.

बाईने शेवटची ओळ एकदाच म्हटली. ऑर्गन बारीक होत गेला आणि संपला. सुई शेवटच्या गोल खाचेत जाऊन टक टक करत फिरू लागली. ते त्याला ऐकू येत नव्हतं.

तो बघत होता. तिने त्याला सांगितलं नाही. ती तशीच, गाणं चालू असल्यासारखी, बसून राहिली.